भाड्याच्या खोलीतील बिनभाड्याचे बिऱ्हाड

ढेकूण हा काही महाविद्यालयाच्या अंकात लेख लिहिण्याजोगा विषय आहे काय, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येईल. परंतु दरवर्षी जून महिना उजाडला की खानापूर, चंदगड, निपाणी, गोकाक, बैलहोंगल अशा चारी बाजूंच्या गावांतून मुलेमुली शिक्षणासाठी बेळगावात येतात. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ, वडगाव ह्या भागांत दोघेतिघे मिळून खोली घेतात. आणि त्यांतील कित्येकांना पहिल्या चाचणी परीक्षेच्या आतच ह्या प्राण्याची ओळख होते. हा प्राणी मराठी आणि कन्नड असा भेद करीत नाही. आपण त्याला ढेकूण म्हणतो, शेजारच्या कॉटवरचा मित्र त्याला तिगणे म्हणतो, आणि रात्री दोन वाजता दोघेही दिवा लावून अंथरुणावर बसतात.

हा लेख लिहिण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ढेकूण चावल्याने माणूस मरत नाही. ढेकूण मारण्याच्या अविचारी उपायांनी मात्र माणसे मेली आहेत. तेव्हा ह्या प्राण्याची शास्त्रीय माहिती असणे ही केवळ सुखाने झोपण्याची बाब नाही.

जुनी ओळख

माणसाचा आणि ढेकणाचा संबंध फार जुना आहे. इजिप्तमधील अमार्ना येथे फारोंच्या काळातील कामगारांच्या वस्तीचे उत्खनन झाले. तेथे सापडलेल्या कीटकांच्या अवशेषांत ढेकूणही होते. ही वस्ती सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीची. आपल्याकडे संस्कृतात ह्याला ‘मत्कुण’ म्हणतात. गुजरातीतील ‘मांकड’ हा शब्द त्याचाच नातलग. पंचतंत्रात राजाच्या बिछान्यात राहणारी ऊ आणि तिच्याकडे पाहुणा म्हणून आलेला उतावळा ढेकूण यांची गोष्ट आहे. पाहुणा चावून पळून जातो आणि मारली जाते ती बिचारी ऊ. एका सुभाषितकाराने तर थट्टेने अशी शंका काढली आहे की, लक्ष्मी कमळावर, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात झोपतो तो ढेकणांच्या भीतीनेच! ‘ढेकणाच्या संगतीने हिरा भंगला’ ही म्हण तर आपण सारेच वापरतो.

ढेकूण माणसाकडे आला कोठून? पुष्कळ काळ असे मानले जाई की, वटवाघळांच्या अंगावर जगणाऱ्या कीटकांपासून हा वंश निघाला आणि माणूस गुहेत राहत असताना त्याने माणसाला धरले. गुहेतील वटवाघळांकडून तो आपल्याकडे आला हे आजही संभवनीय मानतात. मात्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने दाखविले की, ह्या कुळाचा उगम सुमारे ११ कोटी ५० लक्ष वर्षांपूर्वीचा, म्हणजे वटवाघळांच्याही आधीचा आहे. त्या वेळी पृथ्वीवर डायनोसॉर फिरत होते. अशा बिऱ्हाडकरूला एका पिचकारीने हाकलून देऊ असे म्हणणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवावा.

हा प्राणी कसा आहे

भारतात ढेकणाच्या दोन जाती आढळतात. एक सायमेक्स लेक्ट्युलॅरियस, ही मुख्यतः थंड प्रदेशातील; दुसरी सायमेक्स हेमिप्टेरस, ही उष्ण प्रदेशातील. डोळ्यांनी दोघांत फरक करणे कठीण. ‘सायमेक्स’ म्हणजे लॅटिनमध्ये ढेकूण आणि ‘लेक्ट्युलॅरियस’ म्हणजे बिछान्याचा. १७५८ मध्ये लिनीअसने दिलेले हे नाव यथार्थ आहे.

पूर्ण वाढलेला ढेकूण चारपाच मिलिमीटर लांब, तांबूस तपकिरी आणि कागदासारखा चपटा असतो. रक्त प्याल्यावर तो फुगतो, लांबट होतो आणि गडद लाल दिसतो. त्याला पंख नाहीत, म्हणून तो उडत नाही. पिसवेप्रमाणे उड्याही मारीत नाही. तो फक्त चालतो, पण बराच वेगाने चालतो. त्याचे सारे सामर्थ्य त्याच्या चपटेपणात आहे. जेथे पोस्टकार्डाची कड शिरते तेथे ढेकूण शिरतो.

दिवसा तो अंथरुणाजवळच्या फटीत आपल्या भाऊबंदांसह दाटीने बसून राहतो. रात्री, विशेषतः पहाटेच्या आधीच्या प्रहरी, तो बाहेर पडतो. आपल्या श्वासातील कार्बन डायॉक्साइड, अंगाची ऊब आणि अंगाचा वास ह्यांवरून तो आपल्याला शोधतो. सोंडेने तो त्वचा भेदतो आणि पाच ते दहा मिनिटांत पोटभर रक्त पिऊन परततो. त्याच्या लाळेत रक्त गोठू न देणारी आणि जागा बधिर करणारी द्रव्ये असतात. म्हणून चावताना आपल्याला बहुधा कळत नाही. खाज सुटते ती नंतर, आणि तोवर चोर घरी पोचलेला असतो.

ही खाज म्हणजे त्या लाळेला आपल्या शरीराने दिलेले उत्तर होय. हे उत्तर प्रत्येकाचे निराळे. एकाच खोलीतील एका मुलाच्या अंगावर गांधी उठतात आणि दुसऱ्याच्या अंगावर काहीच उमटत नाही. काहींच्या अंगावर पहिल्या दंशाची खूण उठायला आठदहा दिवसही लागतात. त्यामुळे “मला तर काही चावत नाही, तुझ्याच कॉटवर ढेकूण आहेत,” असे म्हणणाऱ्या मित्राचे म्हणणे पुरावा म्हणून धरता येत नाही. कदाचित त्याचेच रक्त पिऊन ते तुमच्याकडे फळफळावळ चाखायला येत असतील.

रोग पसरतो काय? ह्या प्रश्नाचा इतिहास आपल्या देशाशी निगडित आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी काळा आजार ढेकणांमुळे पसरत असावा असा तर्क होता, आणि मद्रास इलाख्यात पॅटन ह्या संशोधकाने त्या दिशेने बरेच काम केले. पुढे १९४२ मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन ह्यांनी प्रयोगाने सिद्ध केले की, तो रोग वाळूमाशीच्या चाव्याने पसरतो. ढेकूण निर्दोष सुटला. आजतागायत ढेकणाने माणसाला नैसर्गिक परिस्थितीत एखादा रोग दिल्याचे सिद्ध झालेले नाही. त्याचा उपद्रव निराळा आहे. खाजविलेल्या जागी जखम होऊन ती चिघळते, झोप मोडते, आणि ज्याची झोप महिनोन्‌महिने मोडते त्याचे वाचनात लक्ष लागत नाही. ज्याला परीक्षेला बसायचे आहे त्याला हा उपद्रव लहान नव्हे.

जून ते दिवाळी

ढेकणाची मादी दिवसाला एक ते पाच अंडी घालते, जन्मभरात दोनअडीचशे. अंडे पांढुरके, सुमारे एक मिलिमीटर लांब, आणि फटीत डिंकाने चिकटविल्यासारखे बसविलेले असते. उबदार हवेत सहा ते दहा दिवसांत पिल्लू बाहेर येते. पूर्ण वाढ होईपर्यंत ते पाच वेळा कात टाकते आणि दर वेळी कात टाकण्यापूर्वी त्याला एकदा तरी रक्त मिळावेच लागते. अनुकूल हवेत अंड्यापासून प्रौढ ढेकूण होण्यास सहासात आठवडे लागतात. बेळगावची हवा माणसाला मानवते तशी ती ढेकणालाही मानवते.

आता आपले शैक्षणिक वर्ष आणि ढेकणाचे वर्ष शेजारी ठेवून पाहू. समजा, जूनच्या मध्यास कोणाच्या तरी वळकटीतून एकच फळलेली मादी खोलीत आली. ती रोज तीन अंडी घालते असे धरले तर जुलैच्या मध्यापर्यंत नव्वद अंडी होतात. त्यांपैकी निम्म्या माद्या धरल्या तर सप्टेंबरच्या आरंभी पंचेचाळीस माद्या अंडी घालू लागतात. महिन्याभरात त्यांची अंडी चार हजारांवर जातात. हे कागदावरचे गणित आहे; प्रत्यक्षात पुष्कळ पिल्ले मरतात. तरी एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. जुलैत ज्याकडे दुर्लक्ष केले ते काम दसऱ्याला दहापट झालेले असते.

पुढे दिवाळीची सुटी लागते. मुले ट्रंका आणि पिशव्या भरून गावी जातात, आणि त्यांबरोबर काही ढेकूणही सुटीला जातात. मागे राहिलेले उपाशी मरतील, अशी आशा बाळगून खोलीला कुलूप लावण्यात अर्थ नाही. उष्ण हवेतही ढेकूण कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिने अन्नावाचून राहू शकतो. थंडीत तर त्याहून अधिक. दिवाळीची तीन आठवड्यांची सुटी त्याला उपवासासारखी वाटत असेल, पण मरण्याइतकी ती मोठी नाही. मे महिन्याच्या सुटीवरही भरवसा ठेवू नये. बंद असलेल्या जुन्या खोलीत पहिल्याच रात्री ढेकूण का निघतात, ह्याचे उत्तर येथे आहे.

आधी निदान, मग उपाय

अंगावर लाल ठिपके दिसले म्हणजे ढेकूणच असे नव्हे. डास चावतात, पिसवा चावतात आणि खरूजही खाजते. पिसवांचे चावे बहुधा घोट्याजवळ असतात. खरूज बोटांच्या बेचक्यांत व मनगटावर उठते आणि तिला डॉक्टरांचे औषध लागते. ढेकणाचे दंश झोपेत उघड्या राहिलेल्या भागावर, पुष्कळदा ओळीने दिसतात. पण केवळ त्यावरून निर्णय करू नये. प्रत्यक्ष पुरावा शोधावा.

त्यासाठी रात्री बॅटरी घेऊन पुढील जागा तपासाव्यात : गादीच्या शिवणी आणि टाके, उशीचा अभ्रा, कॉटचे सांधे व स्क्रूंची भोके, लोखंडी नळीची उघडी टोके, नवारीचे वेढे, मच्छरदाणीच्या कडा, दाराची चौकट, भिंतीवरील कॅलेंडरची मागची बाजू, खिळ्यांची भोके, टेबलाचा खण, खुर्चीचा वेत आणि जाड पुस्तकांच्या बांधणीची पोकळी. जिवंत ढेकूण दिसला नाही तरी काळे बारीक ठिपके दिसतील. ओल्या कापसाने पुसले असता ते तांबूस काळे पसरतात, कारण ते पचलेले रक्त असते. टाकलेली पारदर्शक कात आणि उग्र, शिळसर वास ह्याही खुणा आहेत. भिंतीवर चादरीच्या उंचीला ठिपक्यांची रांग असेल तर ते बिऱ्हाड जुने समजावे. खोली ठरविण्यापूर्वी, अनामत रक्कम देण्याच्या आधी, पाच मिनिटे ही तपासणी केली तर पुढील पाच महिने वाचतात.

डीडीटीची गोष्ट

आपल्या आजीआजोबांच्या पिढीने ढेकणांचा जवळजवळ नायनाट झालेला पाहिला, आणि पुन्हा त्यांचा सुळसुळाटही पाहिला. हे कसे झाले ते समजून घेण्यासारखे आहे, कारण आज बाजारातील पिचकाऱ्या निकामी का ठरतात हे त्यातून कळते.

डीडीटीचा कीटकनाशक गुण स्वित्झर्लंडमधील पाउल म्युलर ह्यांनी १९३९ मध्ये शोधला. त्यासाठी त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील खेड्यापाड्यांत डीडीटीचा मोठ्या प्रमाणावर वापर करण्याचे जे आरंभीचे प्रयोग झाले त्यांतला एक आपल्या अगदी शेजारचा आहे. तेव्हाच्या मुंबई प्रांतातील धारवाड व उत्तर कानडा जिल्ह्यांत १९४६ च्या सुमारास डॉ. डी. के. विश्वनाथन ह्यांच्या नेतृत्वाखाली हिवतापाविरुद्ध घराघरांतून फवारणी झाली. पुढे १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. फवारणी होती डासांसाठी, पण लोकांनी तिचे स्वागत केले ते ढेकूण मेले म्हणून. ताप कमी झाल्याचे आकड्यांतून कळते. ढेकूण मेल्याचे त्याच रात्री कळते.

परंतु काही वर्षांत ढेकूण डीडीटीला दाद देईनासे झाले. हवाई बेटांवरील पर्ल हार्बर येथे तर १९४७ मध्येच असे ढेकूण आढळले होते. आपल्याकडेही अनेक ठिकाणी लोक म्हणू लागले की, फवारा मारल्यावर ढेकूण उलट अधिकच धावाधाव करतात. मग कशाला भिंती पांढऱ्या करून घ्यायच्या? ढेकणांवर औषध चालेना म्हणून डासांच्या फवारणीलाही दार बंद झाले. एका यःकश्चित कीटकाने सार्वजनिक आरोग्याच्या मोठ्या मोहिमेत असा अडथळा आणला.

ढेकूण औषधाला ‘सवयीने’ दाद देत नाहीत असे नव्हे. हजारात एखादा ढेकूण जन्मतःच असा असतो की त्याच्यावर ते विष फारसे चालत नाही. बाकीचे मरतात, तो उरतो, आणि पुढची सारी प्रजा त्याची होते. विष जितके वारंवार आणि अर्धेमुर्धे मारावे तितकी ही निवड पक्की होते. डीडीटीनंतर पायरेथ्रॉइड गटातील औषधे आली. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक फवाऱ्यांत तीच असतात. पण डीडीटी आणि पायरेथ्रॉइड ही दोन्ही विषे कीटकाच्या मज्जापेशीतील एकाच ठिकाणी, सोडियमच्या कणांना आत घेणाऱ्या दारावर, घाव घालतात. ज्या ढेकणाच्या ह्या दाराची घडण बदललेली आहे त्याला दोन्ही विषांचे भय उरत नाही. १९९० नंतरच्या दशकाअखेरीपासून अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया येथे ढेकूण पुन्हा वाढले त्याचे हे एक महत्त्वाचे कारण. प्रवास वाढला हे दुसरे. २०२३ मध्ये पॅरिससारख्या शहरात ढेकणांवरून केवढा गहजब झाला ते वर्तमानपत्रांत आलेच होते. ढेकूण ही गरिबांची किंवा खेड्यातल्यांची खूण नाही, हे सांगायला एवढे पुरे.

जे करू नये

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला त्या मुद्द्याकडे वळू.

धान्याच्या कोठारात किडीसाठी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन त्यांतून फॉस्फीन नावाचा अत्यंत विषारी वायू निघतो. ह्या गोळ्यांच्या विक्रीवर आणि वापरावर कायद्याचे निर्बंध आहेत. तरी कोणीतरी त्या मिळवून देतो, गादीखाली ठेवायला सांगतो, आणि ढेकूण नक्की मरतील अशी खात्री देतो. ढेकूण मरतातही. पण हा वायू हवेहून थोडा जड असतो. तो दाराखालच्या आणि भिंतीतल्या फटींतून शेजारच्या खोलीत जातो. आपल्या देशात अशा रीतीने भाड्याच्या खोल्यांत व वसतिगृहांत झोपलेली माणसे दगावली आहेत, त्यांत गोळ्या न वापरणारे शेजारीही होते. ह्या विषावर उतारा नाही. लसणासारखा किंवा सडलेल्या मासळीसारखा वास आणि त्याबरोबर मळमळ, छातीत जड वाटणे, चक्कर अशी लक्षणे दिसली तर क्षणाचाही विलंब न लावता सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि थेट रुग्णालय गाठावे. वास आला नाही म्हणजे वायू नाही, असेही समजू नये. ह्या गोळ्या राहत्या घरात कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून ठेवू नयेत.

रॉकेल किंवा पेट्रोल फटीत ओतणे हाही तसाच प्रकार आहे. ढेकूण थोडे मरतात, आग लागण्याची भीती मात्र मोठी. शेतातील पिकांवरची औषधे घरून बाटलीत आणून गादीवर शिंपडणे म्हणजे रात्रभर त्या विषावर झोपणे होय. डांबराच्या गोळ्यांनी ढेकूण जात नाहीत. धुराचे डबे लावले तर धूर उघड्यावर पसरतो, फटीत शिरत नाही, आणि ढेकूण तर फटीतच असतो. कडुनिंबाचा पाला अंथरल्याने काही ढेकूण तात्पुरते दूर जातात, खोली सोडून जात नाहीत.

आणखी एक चूक पुष्कळांकडून होते. ढेकूण चावू लागले की मुलगा उठून मित्राच्या खोलीत झोपायला जातो. ह्याने ढेकूण दोन खोल्यांत होतात.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, एकट्याने काही करू नये. एकाच भिंतीला लागून असलेल्या सर्व खोल्यांचे काम एकाच दिवशी व्हावे. नाहीतर इकडून हाकललेले तिकडे जातात आणि आठवड्याने परत येतात. म्हणून आधी खोलीतल्या सोबत्यांना, मग शेजाऱ्यांना, मग घरमालकांना सांगावे.

दुसरी गोष्ट, उष्णता हे ढेकणावरील सर्वांत खात्रीचे औषध आहे आणि त्याला प्रतिकार करणारा ढेकूण अजून जन्मलेला नाही. सुमारे ४८ अंश सेल्सिअसला प्रौढ ढेकूण टिकत नाहीत. अंडी अधिक चिवट असतात, पण ५५ अंशांच्या वर अंडीही मरतात. आपल्या आया खाटेवर उकळते पाणी ओतीत ते शास्त्राला धरूनच होते. लोखंडी कॉट अंगणात न्यावी, स्क्रू सैल करावेत आणि प्रत्येक सांध्यात खळखळ उकळते पाणी सावकाश ओतावे. हातपाय भाजणार नाहीत ह्याची काळजी घ्यावी. लाकडी कॉट असेल तर फटींत नंतर लांबी भरून त्या बुजवाव्यात. चादरी, अभ्रे, कपडे उकळत्या पाण्यात भिजवून धुवावेत. जे उकळता येत नाहीत त्यांच्या शिवणींवरून गरम इस्त्री दाबून फिरवावी. स्वच्छ झालेले कपडे काम संपेपर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवावेत.

उन्हाबद्दल मात्र थोडे जपून बोलावे लागते. एप्रिलच्या दुपारी उघड्या गच्चीवरील लोखंड ढेकूण मरण्याइतके तापते. पण कापसाच्या जाड गादीचा आतला भाग तितका तापत नाही, आणि ढेकूण चालत सावलीच्या बाजूला जातात. गादी उन्हात टाकायची तर ती दर अर्ध्या तासाने उलटावी, झटकावी आणि पडलेले ढेकूण तेथेच चिरडावेत. बेळगावच्या पावसाळ्यात तर हा उपाय चार महिने बंदच असतो. गादी जुनी असेल तर खोळ काढून ती उकळावी आणि कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावा. टाकून द्यायची असल्यास ती फाडून टाकावी. अखंड गादी रस्त्यावर ठेवली तर दुसरा कोणी गरजू ती उचलून नेतो.

तिसरी गोष्ट, कॉट हे बेट करावे. ती भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, चादर वा मच्छरदाणी जमिनीला टेकू देऊ नये, आणि चारही पायांखाली साबणाचे पाणी घातलेल्या वाट्या ठेवाव्यात. परदेशी पुस्तकांत नुसत्या गुळगुळीत वाटीची शिफारस असते, कारण तिकडचा ढेकूण गुळगुळीत भिंतीवर चढू शकत नाही. आपल्या उष्ण प्रदेशातील जातीला ते बऱ्यापैकी जमते. म्हणून साबणाचे पाणी हवे. रोज सकाळी वाटीत किती ढेकूण सापडले ते वहीत लिहून ठेवावे. संख्या घटते की नाही ह्याचा हा सर्वांत विश्वासू हिशेब आहे.

बाल्कन प्रदेशातील खेड्यांत पूर्वी रात्री जमिनीवर घेवड्याची पाने पसरीत आणि सकाळी ढेकणांसकट जाळून टाकीत. २०१३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा दिसले की, पानांवरील आकड्यासारखी बारीक लव ढेकणाच्या पायात रुतते आणि तो जागीच अडकतो. लोकांच्या अनुभवात कधी कधी असे शहाणपण असते. मात्र केवळ पाने पसरून खोली साफ होणार नाही.

चौथी गोष्ट, भिंती. पोपडे खरवडून काढावेत, फटी व खिळ्यांची भोके सिमेंटने वा लांबीने बुजवावीत आणि मग चुना द्यावा.

एवढे केल्यानंतर औषध. ते जाणकार, परवाना असलेल्या माणसाकडून, फटींतच मारून घ्यावे; अंथरुणावर नव्हे. औषध कोणते ते विचारून लिहून घ्यावे. दहा ते चौदा दिवसांनी ते पुन्हा मारणे आवश्यक आहे, कारण पहिल्या फवाऱ्यातून अंडी वाचतात आणि तेवढ्या काळात त्यांतून पिल्ले बाहेर येतात. दुसरा फवारा टाळणे म्हणजे पहिल्याचे पैसे वाया घालविणे. वाटीत सलग दोन महिने एकही ढेकूण सापडला नाही आणि नवे ठिपके दिसले नाहीत, तरच काम झाले असे समजावे.

दोष कोणाचा?

ढेकणांपेक्षाही अधिक रक्त ह्या प्रश्नाने आटते. घरमालकीणबाई म्हणतात, “अहो, तुम्ही येण्याआधी आमच्याकडे एक ढेकूण नव्हता.” मुले म्हणतात, “काकू, आम्ही आलो त्याच रात्री चावले.” पुष्कळदा दोघेही प्रामाणिक असतात. बाईंना आधीच्या भाडेकरूने सांगितलेले नसते, कारण सांगितले तर अनामत परत मिळणार नाही अशी त्याला भीती वाटली. नव्या मुलाने जुन्या बाजारातून स्वस्तात कॉट आणलेली असते. ढेकूण कोणी आणला हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

मग खोलीतल्या खोलीत न्यायनिवाडा सुरू होतो, आणि बहुधा दोषी ठरतो तो जो सर्वांत लांबच्या खेड्यातून आला, ज्याची वळकटी सर्वांत जुनी आहे, किंवा ज्याची भाषा उरलेल्यांहून निराळी आहे. त्याला पुराव्याची गरज पडत नाही. असा मुलगा कोणाला काही न बोलता खोली बदलतो आणि पुढच्या खोलीत ही गोष्ट लपवितो. लपविल्यामुळे ढेकूण पसरतात. पसाऱ्यामुळे ढेकणांना लपायला जागा मिळते हे खरे. पण त्यांना रक्त हवे असते, मळ नव्हे. निर्मळ माणसाच्या घरीही ते सुखाने नांदतात.

म्हणून घरमालकांनी भिंती आणि फवारणी बघावी, मुलांनी सामान आणि अंथरूण बघावे, खर्चाची वाटणी आधी बोलून घ्यावी आणि खोली सोडणाऱ्याने पुढच्याला खरे ते सांगावे. वसतिगृहांच्या व्यवस्थापकांनी जूनमध्ये मुले येण्यापूर्वी आणि दिवाळीनंतर ती परतल्यावर कॉटची तपासणी करण्याचा परिपाठ ठेवला तर तो फारसा खर्चाचा नाही. आपण गावी जाताना सामान उन्हात वा निदान अंगणात उघडावे, घरात नव्हे.

ढेकणांचा बंदोबस्त बुद्धीपेक्षा चिकाटीने होतो. त्याला एक रविवार पुरत नाही, सहाआठ आठवडे लागतात, आणि शेजाऱ्याशी बोलावे लागते. मराठीत, कन्नडमध्ये, जशी जमेल तशी.